उजेड कमी पडतो म्हणून

काकी स्टुलावर चढण्याआधी हमखास विचारायची, "मेन बंद केलास ना रं? परत बघून ये." मी परत जाऊन बघायचो. मग ती पदर खोचायची, टेस्टर दातांत धरायची आणि वर चढायची.

पोशीरला आमच्या शेजारी ती आणि काका, दोघंच राहायचे. विजेचं काम ती कुठं शिकली नव्हती. वायरमन येतो येतो म्हणत आलाच नाही, तेव्हा जळका होल्डर तिनं स्वतःच बदलला, आणि दिवा लागल्यावर सगळ्या आळीला हाका मारून दाखवला. तुमच्याही आळीत असं कुणीतरी असेलच.

काका साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पेपर वाचताना ते कुरकुर करू लागले, "उजेडच पडत नाय. ट्यूब गेली वाटतं." ट्यूब ठणठणीत होती. मोतीबिंदू आहे, हे काकीला कळत होतं. पण डॉक्टरचं नाव काढलं की काका ताटावरून उठायचे. त्यांच्या वडिलांचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता.

काकीनं वाद घातला नाही. कशेळ्याच्या बाजारातून एलईडीची पट्टी आणली आणि जुनी ट्यूब चोकसकट उतरवली. काका म्हणाले, "कमीच हाय." तिनं शेजारी दुसरी पट्टी ठोकली. मग ओटीवर, मग स्वयंपाकघरात. एकदा स्टूल कलंडलं आणि ती कोपरावर आपटली. कोपर टम्म सुजलं. "त्यांना सांगू नको," एवढंच मला म्हणाली आणि डाव्या हातानं स्क्रू पिळायला लागली.

घर इतकं लखलखलं की येणारेजाणारे विचारायचे, "काय गं काकी, साखरपुडा हाय काय?"

एका संध्याकाळी काका पेपर डोळ्यांशी धरून बसले होते. काकीनं स्टूल ओढलं. "आता कुठला बदलू?"

काकांनी वरच्या दोन्ही पट्ट्यांकडे पाहिलं. मग पेपरची घडी घातली. "राहू दे गं. दिव्यात काय नाय. मला घेऊन चल."

कर्जतला ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावरची पट्टी सुटून घरी आले, तर दारातच त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. "अगं, एवढं काय लावून ठेवलंस?" काकी हसतच सुटली. दुसऱ्याच दिवशी तिनं निम्मे दिवे उतरवले. त्यातला एक आमच्या पडवीत आला.

गेल्या थंडीत काकी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

परवा काकांनी हाक मारली. न्हाणीतला दिवा लुकलुकत होता. या वेळी मेन बंद करून ते स्वतःच स्टुलावर चढले, मी खाली स्टूल धरून उभा राहिलो. त्यांनी होल्डर उघडला. आत वायरीच्या जोडाला काकीनं टेप गुंडाळली होती, वेढ्यावर वेढे, लहान पोराच्या कापल्या बोटाला चिंधी बांधावी तशी.

काका ते जवळून बघत राहिले.

"नवा होल्डर देऊ, काका?"

"नको. बल्ब तेवढा दे," ते म्हणाले. "हा जोड नाय सोडायचा."