उंचीचा रकाना

त्या दवाखान्याच्या वजनाच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं एकच बाई होती, आणि तिला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर फायलीच बसायच्या. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणायचे, पाठीमागे काटाबाई. दारातून माणूस आत आला की तो काट्यावर चढायच्या आधीच हिच्या तोंडून आकडा निघायचा, आणि काटा बहुतेक वेळा तिचीच री ओढायचा. "एक्क्याऐंशी," ती म्हणायची. काटा म्हणायचा, एक्क्याऐंशी आणि वर दोनशे ग्रॅम. "वरचं सगळं किल्ल्यांचं," असं म्हणून ती पुढच्याला हाक मारायची.

लगेच दुसरा आकडा यायचा, वजन किती असायला हवं त्याचा. उंचीचे जेवढे सेंटीमीटर, त्यातून शंभर वजा, उरलेल्यातून दहावा हिस्सा आणखी वजा. हे गणित जुन्या मुख्य परिचारिकेनं तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि तिनं ते कधी तपासून पाहिलं नाही. भिंतीवर नवा तक्ता आला, त्यात प्रत्येक उंचीपुढं कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे होते. सिस्टरनं त्यावर कॅलेंडर टांगलं. लोकांना एकच आकडा लागतो, दोन दिले की ते मोठा धरून बसतात, असं तिचं म्हणणं. कुणी "माझी हाडंच जड आहेत हो" म्हणालं तर ती म्हणायची, "हाडांचं राहू द्या, वरच्या मालाचं बोला."

आणखी एक शहाणपण तिचं स्वतःचं होतं. उंची मोजायची म्हणजे बूट काढा, टाचा मोजपट्टीच्या खांबाला लावा, मान सरळ धरा. तोवर रांग रस्त्यापर्यंत जायची. म्हणून तिनं ठरवून टाकलं, मोठ्या माणसाची उंची एकदाच मोजायची. कार्ड फाटलं, भरलं, की नव्या कार्डावर जुनाच आकडा उतरवायचा. वाढ पोरांची होते, मोठ्यांची उंची कुठं जाते? रांग निम्मी झाली. डॉक्टरांनी चार लोकांत तिची पाठ थोपटली आणि ती आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

घरी ती आणि ताई अशा दोघीच. ताई बारा वर्षांनी मोठी, आता चौसष्टची. आई गेली तेव्हा सिस्टर आठ वर्षांची होती. तेव्हापासून तिला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शिकवणं सगळं ताईनं केलं. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून करून केलं. लग्नाचं पुढं ढकलता ढकलता राहूनच गेलं. त्याबद्दल ताई कधी बोलली नाही, आणि सिस्टरनंही कधी विचारायचं धाडस केलं नाही.

सव्वा वर्षापूर्वी ताईची पाठ दुखायला लागली. सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं. बासष्ट. कार्डावर उंची एकशे अठ्ठावन्न, म्हणजे गणितानं बावन्न. कार्ड सिस्टरच्याच हातचं होतं, उंची वीस वर्षांपूर्वीची.

"दहा किलो फुकटचं ओझं वागवतेस," ती म्हणाली. "पाठ दुखेल नाही तर काय होईल? वजन उतरव, पाठदुखी आपोआप थांबते."

पहिली कुऱ्हाड दुधावर पडली. मग तूप, साखर, रात्रीचा भात. दर रविवारी सकाळी वजन. ताई धाकटीच्या शब्दाबाहेर नव्हती. एवढी शिकलेली बहीण सांगते म्हणजे बरोबरच असणार. साठ झालं, सत्तावन्न झालं, चोपन्न झालं. सिस्टर दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या ताईकडून शिका."

पोट मात्र हटेना. हातपाय काटकुळे झाले, गाल बसले, आणि पोट आपलं पुढंच. सिस्टरला संशय आला की ताई चोरून खाते. डब्यातली बिस्किटं ती मोजून ठेवायला लागली. एकही कमी व्हायचं नाही, तरी तिच्या मनातली किल्मिषं जाईनात.

मधे एकदा कपड्यांची बादली उचलताना ताईच्या पाठीत काहीतरी कट्‌कन झालं. "स्नायू धरला," असं म्हणून सिस्टरनं मलम चोळलं. पुढं काही दिवसांनी ताई म्हणाली, "अगं, माझा गाऊन पायात येतोय. बारीक झाल्यावर कपडे लांब होतात का?"

"होतात," सिस्टर म्हणाली, आणि घाईघाईत खालून दुमड घालून दिली.

मग दवाखान्यात नवा संगणक आला. त्याला उंचीच्या रकान्यात आजचीच तारीख लागायची; जुना आकडा टाकला की घोडं तिथंच अडायचं. "यंत्रालाही माझाच छळ करायचाय," असं पुटपुटत सिस्टरनं उंचीच्या खांबावरची धूळ झटकली आणि रांगेला बूट काढायला लावले.

पहिले आले म्हातारे सुतार. कार्डावर एकशे सत्तर, खांबावर एकशे सदुसष्ट.

"तुमचा खांब वाकडा आहे," सुतार म्हणाले. "ओळंबा लावून देऊ का?"

सिस्टरनं टेप काढून खांब मोजला. खांब सरळ होता. पुढची बाई दोन सेंटीमीटरनं कमी भरली. सिस्टरचा पाय उगाच जमिनीवर ताल धरायला लागला. त्यानंतर एक निवृत्त शिक्षिका आल्या, पुढं झुकलेल्या, हडकुळ्या, पोट तेवढं पुढं. कार्डावर एकशे पंचावन्न, खांबावर एकशे एकोणपन्नास. सवयीनं सिस्टर म्हणाली, "पोट आत घ्या, ताठ उभ्या राहा."

"आत घ्यायला जागा कुठंय, सिस्टर?" शिक्षिका शांतपणे म्हणाल्या. "मणके बसलेत माझे. तीन. बरगड्या खाली येऊन कमरेला टेकल्यात, मग पोट जाणार कुठं? लोकांना वाटतं, बाई खाऊन सुटल्यात."

सिस्टरच्या डोळ्यांपुढं ताईचं पोट आलं. पुढच्या माणसाला तिनं पंच्याहत्तर सांगितलं, तो अठ्ठ्याऐंशी निघाला. त्याच्या पुढच्याचं नावच लिहायला विसरली. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली, आणि डॉक्टर हो म्हणायच्या आतच जिन्यावरून उतरली.

बसची वाट बघण्याइतका दम तिला नव्हता. ती चालत निघाली. चालता चालता तिचं मन हिशेब जुळवत होतं, मोडत होतं. ताई बुटकीच आहे पहिल्यापासून. नाही, नव्हती. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा ताई पूर्वी सहज काढायची, अलीकडे स्टूल घेते. हे तिनं रोज पाहिलं होतं, आणि रोज मनात म्हटलं होतं, वय झालं.

ताई खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. "ऊठ, भिंतीला टेकून उभी राहा," सिस्टर धापा टाकत म्हणाली.

"आज कुठं रविवार आहे?" ताईनं विचारलं, पण उठली. टाचा भिंतीला लागल्या. डोकं काही लागेना. मान मागं न्यायचा प्रयत्न करताना ताईचा चेहरा वेदनेनं आवळला. सिस्टरनं डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलीची खूण केली, टेप लावला. एकशे साडेएक्कावन्न. तिनं दुसऱ्या भिंतीला मोजलं, मग दाराच्या चौकटीला. तिन्हीकडं तेच. साडेसहा सेंटीमीटर ताई तिच्या डोळ्यांदेखत कमी झाली होती.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून तीन मणके दाखवले, मधेच चेपलेले.

"हाडं आधीच विरळ होत असणार," ते म्हणाले. "त्यात खाणं तुटलं, दूध तुटलं. अशा माणसाचं वजन उतरवायचं नसतं, सिस्टर."

"पण बासष्ट होतं."

"असू दे की. जुन्या उंचीलाही बासष्ट चाललं असतं, आणि या वयात अंगावर थोडं असलेलं बरं. निरोगी वजन म्हणजे एक आकडा नसतो, पल्ला असतो. तो तक्ता भिंतीवर आहे ना आपल्या?"

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

घरी आल्यावर सिस्टर दोन खोल्यांमधून येरझाऱ्या घालत राहिली. ताई बघत होती. शेवटी सिस्टर थांबली आणि एका दमात बोलून गेली. "माझं चुकलं. तुझं वजन ठीकच होतं. दुखणं हाडांचं होतं, आणि मी सव्वा वर्ष तुला अर्धपोटी ठेवलं. मी तुझी उंची एकदाही मोजली नाही."

ताईनं हात मागं नेऊन आपली पाठ चाचपली. मग म्हणाली, "पाठ सरळ होईल?"

"नाही. पुढं आणखी मोडू नये म्हणून औषध आहे. दूध घ्यायचं, नीट जेवायचं, थोडं चालायचं. काही उचलायचं नाही."

"बरं. मग आता वजन किती करायचं?"

सिस्टरनं तोंड उघडलं. आकडा आला नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

ताई गाऊनच्या बाहीशी चाळा करत हळूच म्हणाली, "मला दुपारची फार भूक लागते गं. तू एवढ्या मनापासून करत होतीस, म्हणून बोलले नाही. आता ती बिस्किटं खाल्ली तर चालतील?"

हिला भरवून मोठी करणारी बाई हिच्याकडेच परवानगी मागत होती. सिस्टरला शरमेनं मान वर करवेना. 'चालतील,' म्हणून तिनं मोजून ठेवलेल्या बिस्किटांचा डबाच ताईच्या हातात दिला.