आखाजीच्या तोंडावर तुटलेली वायर

आमच्या गावात नेट कोणी आणलं असं वच्छलाअक्काला विचारलं तर ती सांगेल, सरकारनं. साफ खोटं. नेट तिनं आणलं, आणि हे मी चारचौघांत सांगायला तयार आहे. पाटी कधी हातात धरली नाही त्या बाईनं, पण चोपड्याच्या केबलवाल्याला नमवलं.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून आत. फोनला रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीवर नाहीतर बसथांब्याजवळच्या चिंचेखाली. लॉकडाऊनमध्ये अक्काचा नवल पुण्याहून घरी आला, तेव्हा त्या चिंचेखाली खाट टाकून मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसायचा. अक्का डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात त्याला भाकरी नेऊन द्यायची. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई, घरात पोरगा वावरतोय म्हणून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग कंपनीनं परत बोलावलं. एसटीत चढताना तो म्हणाला, "माय, आठे नेट ऱ्हातं, ते मी आठेच ऱ्हातू."

म्हणजे इथे नेट असतं तर इथेच राहिलो असतो. पोरं जाताना काहीबाही बोलतात. मी तर विसरूनही गेले. अक्कानं मात्र ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

ग्रामपंचायतीपर्यंत वायर येऊन पडली होती, पुढे कोणी हलेना. अक्का चोपड्याला जाऊन केबलवाल्याच्या दुकानात बसली. तो म्हणाला, मावशी, दोन घरांसाठी मला परवडत नाही, निम्मं गाव घेणार असेल तर बोला. ही घरोघर फिरली. केळीवाल्यांना म्हणाली, व्यापारी सांगेल तोच भाव का घेता, दुसरीकडचा घरी बसून बघा. पोरींच्या आयांना म्हणाली, परीक्षेचा फॉर्म भरायला चोपड्याला हेलपाटे कशाला. हे सगळं ती कुठून शिकली देव जाणे. मला म्हणाली, "नेट उनं का नवल बी येई." नेट आलं की पोरगाही येणार, म्हणे! मी हसले. मग वायर कोणी आपल्या शेतातून जाऊ देईना, तर हिनं आपला बांध दिला. खांब कमी पडले, म्हणून थोडी वायर बांधाच्या कडेनं जमिनीवरूनच गेली.

नेट आलं, आणि काय सांगू, गावाचा नूर पालटला. माझा भूषण धुळ्याला मोबाइलच्या दुकानात दुसऱ्याची चाकरी करत होता, तो बायकोला घेऊन घरी आला. चावडीजवळ गाळा घेतला. लोकांचे सातबारे काढतो, केळीच्या गाड्या ठरवतो. सून दिपमाला आमचे केळीचे वेफर्स फोनवर दाखवते आणि पार नाशिकहून ऑर्डर येतात. गल्लीतल्या बायका माझ्या ओसरीवर केळी सोलायला बसतात, हाताला काम आहे. माझं घर भरलं. पण अक्का समोरून गेली की घास गिळवत नाही मला. पायपीट तिनं केली आणि पोरगा माझा आला.

कारण नवल आला तो दोन दिवसांसाठी. घरात नेटचा डबा बसवला, पंपावर कॅमेरा लावला, ठिबकला कसलंसं यंत्र जोडलं आणि परत गेला. आता तो पुण्यात बोट टेकवतो आणि इथे मळ्यात पाणी सुरू होतं. आधी निदान पाण्याची पाळी, खताचा डोस, काहीतरी निमित्तानं यायचा. आता कशाला येतोय? सकाळी पंप आपोआप घरघरला की अक्का हातातलं काम टाकून ऐकते आणि म्हणते, "नवल उठना." माझी तर तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा व्हिडिओवर मी त्याला झाडलं होतं, अरे, आईला केळीगत नळीनं पाणी देतोस का? तो नुसता हसला. म्हणाला, काकू, माले आठूनच बठ्ठं दिखस. सगळं दिसतं म्हणे तिथून!

मागच्या आखाजीला तर कहरच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात, तिच्यासमोर मुलानं हात जोडायचे. नवलनं फोनमधून हात जोडले. अक्कानं फोन तांब्याला टेकवून बापाच्या घागरीसमोर उभा केला होता, आणि तो सारखा घसरून पडत होता. ती तो सारखा उचलत होती.

यंदाही आखाजीला येत नाही म्हणून त्यानं कळवलं होतं. अक्कानं तरी गहू भिजत घातले, तिला खापरावरचे मांडे करायचे होते. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

त्याच सुमारास अक्काकडे कामाला असलेला निंबा, केळी निघालेल्या तुकड्यातल्या ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. आमच्या भागात जमिनीवर काळं, लांब, बोटाएवढं जाड काही दिसलं की ती नळीच. दुसरं काही असू शकतं असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. निंबाला बांधावर तसलं एक दिसलं. वाटलं, जुनी वाया गेलेली नळी. विळ्यानं कापली आणि तिच्यानंच गुंडाळ्या करकचून बांधून टाकल्या. चांगली घट्ट बसली म्हणून खूशही झाला.

तिकडे पुण्यात नवलच्या फोनवर सगळा अंधार. कॅमेरा बंद, पंप बंद, गावात कोणाचंच नेट नाही, फोन लावावा तर आईला रेंज नाही. ऊन असं की बाहेर उभं राहवत नाही, आणि दुसऱ्या तुकड्यातली झाडं घडांनी वाकलेली. निंबाला आता पंपाकडे बघायची सवयच राहिली नव्हती, त्याला वाटलं लाइट गेली असेल. नवल घाबरला. झाडांसाठी की आईसाठी, ते त्याचं त्याला ठाऊक. मिळेल ती गाडी धरून आखाजीच्या सकाळी दारात उभा राहिला.

अक्काला मी तशी कधी बघितली नव्हती. खापरावर मांडा टाकत होती, मधेच मनगटानं डोळे पुसत होती, आणि धुराच्या नावानं बोटं मोडत होती. नवलनं आधी हातानं पंप चालू केला, मग अंघोळ करून बापाच्या घागरीसमोर बसला. अख्खा बसला, मांडी घालून. आमरसात बुडवून मांडे खाल्ले आणि दुपारी ओसरीवर घोरत पडला. अक्का त्याच्या उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मी वाटीभर वेफर्स घेऊन गेले, तर मला हळूच म्हणाली, "वायर तुटनी म्हनीसन मना नवल उना, कोकिळा."

सणामुळे अडलेला वायरवाला दुसऱ्या दिवशी चोपड्याहून आला. निंबानं गुंडाळ्या सोडून तो तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि कान धरले. सगळे हसले, नवलही. वायरवाल्यानं जोड दिला, वायर जाड पाइपात घातली, चर खणून पुरली, वर माती लोटली. नवल तिथेच फोन बघत उभा होता. म्हणाला, माय, लागलं नेट, आता मी संध्याकाळच्या गाडीनं निघतो, उद्या ड्यूटी आहे.

वायरवाला हत्यारं आवरत होता, अक्का त्याच्याजवळ गेली. पायानं ती ओली माती जराशी दाबून बघितली.

"भाऊ, हाई वायर परत तुटी का?"

त्याला वाटलं, म्हातारीनं धसका घेतलाय. बिचारा भला माणूस. हातातलं काम थांबवून त्यानं तिला धीर दिला.

"बिनघोर राहा मावशी. आता काही केल्या तुटत नाही."