कलम गुरुजी आणि सोनपेठची ज्वारी

आपल्याच संघाने गोल केल्यावर "ऑफसाइड!" म्हणून ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ताडकळसच्या शाळेमागच्या माळावर सगळं गाव टोप्या उडवत असायचं आणि रेषेबाहेर उभे असलेले गुरुजी छत्रीचं टोक उंचावून पंचाला सांगत असायचे, "साहेब, आमचा गडी दोन पावलं म्होरं होता. कलम नऊ बगा." पंचाने कलम नऊ कधी पाहिलेलं नसायचं. तो गोंधळायचा आणि उगाच झंझट नको म्हणून गोल रद्द करायचा. पोरं गुरुजींच्या अंगावर जात नसत ती एवढ्याचसाठी, की त्यांतल्या निम्म्यांना बाराखडी त्यांनीच शिकवली होती.

मी तेव्हा तिथल्या पोस्टात कारकून होतो आणि गुरुजी प्राथमिक शाळेत होते. त्यांचं आडनाव गावात कुणी घेत नसे. सगळे त्यांना कलम गुरुजी म्हणत, काही प्रेमाने आणि बाकीचे दात खाऊन. निजामाच्या काळात हैदराबादेत शिकून आलेल्या कुणीतरी गावाला फुटबॉलचा नाद लावून दिला होता. ब्लॅडरचं पंक्चर सायकलवाला काढायचा आणि वरचं कातडं गावातच शिवलं जायचं, त्यामुळे आमचा चेंडू गोल असे असं शपथेवर सांगता येणार नाही. या संघाचे सचिव गुरुजी होते, कारण परभणीला दरवर्षी ढालीसाठी जे सामने होत, त्यांच्या नियमांची सोळा पानी सायक्लोस्टाइल पुस्तिका अख्ख्या जिल्ह्यात वाचणारा हा एकच माणूस होता. छापणाऱ्यांनी तरी ती वाचली होती की नाही, शंका आहे.

पुस्तिका वाचून ते गप्प बसते तर गोष्ट वेगळी. महिन्याला दोन तरी रजिस्टर पत्रं ते स्पर्धा समितीला पाठवत. पत्राच्या तीन प्रती कार्बन घालून काढायच्या, एक समितीला, एक स्वतःला आणि एक "असू द्या, कामाला येईल" म्हणून. माझ्या पोस्टाचं एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. एकदा मी वैतागून म्हणालो, "गुरुजी, परभणीला गेल्यावर तोंडी सांगा की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तोंडी न्याय आमच्या बापजाद्यांनी लय पाहिला, पोस्टसाहेब. आमाला जे काय भेटलं ते लिवलेल्या कागदावरच भेटलं."

छप्पन साली त्यांच्या घराने धम्म घेतला होता. ते काय म्हणत होते ते मला चांगलंच कळत होतं. आम्ही सगळे एस.टी. स्टँडसमोरच्या चाँदभाईच्या हॉटेलात एका बाकावर चहा प्यायचो, आणि तेवढ्यावर मी स्वतःला मोठा सुधारक समजत असे. गुरुजींच्या घरी मात्र तीन वर्षांत मी एकदाही पाणी प्यालो नव्हतो. त्यांनी कधी आग्रह केला नाही आणि मीही कधी तहान दाखवली नाही.

आमची खरी मॅच या हॉटेलातच चाले. विषय कायमचा एकच असे, तो म्हणजे सोनपेठचा गोदाकाठ क्लब. या क्लबने आम्हाला लागोपाठ तीन वर्षं हरवलं होतं. चांगले खेळतात म्हणून हरवलं असं म्हणणारा माणूस चाँदभाईच्या हॉटेलात दुसरा चहा मागू शकत नव्हता. मग कारणं निघत. बहात्तरच्या दुष्काळात एक नामी कारण सापडलं. क्लबचे अध्यक्ष असलेले तिथले शेठ खेळाडूंना ज्वारी देतात अशी बातमी आली. सोमवारी ती शेरभर होती, बुधवारी गोलामागं पायली झाली आणि शुक्रवारपर्यंत त्यांच्या गोलकीपरच्या घरी पोती उतरवून झाली. इकडे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, सरकारी सुकडीच्या रांगेत उभे होते, आणि संध्याकाळी हात चोळत येऊन सोनपेठच्या पोत्यांचा हिशोब करत होते. मी स्वतः त्या चर्चेत हिरिरीने भाग घेतला, हे कबूल केलं पाहिजे.

गुरुजी एवढंच म्हणाले, "पुरावा काय हाय?"

आणि पुरावा आणायला ते स्वतःच गेले. बाजारच्या दिवशी एस.टी.ने सोनपेठ गाठलं, त्यांचा गोलकीपर शोधला आणि सरळ विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं, "व्हय गुरुजी, आठवड्याला दोन शेर देतेत. लपवायचं काय त्यात? घरात सहा तोंडं हायत." गुरुजींनी त्याला ते लिहून द्यायला सांगितलं. त्या भल्या माणसाने लिहूनही दिलं, वर यांना चहा पाजला.

कागद पाहून हॉटेलात दिवाळी झाली. गुरुजींनी पुस्तिका उघडून कलम अकरा वाचलं: "जो संघ अथवा संघाचा पदाधिकारी आपल्या खेळाडूस रोख रक्कम, धान्य, वस्त्र अथवा अन्न देईल, तो संघ स्पर्धेतून बाद समजला जाईल." फक्त चाँदभाई कपबशा धुता धुता म्हणाला, "भुके आदमी को दिया तो उसमें क्या गुनाह, गुरुजी?"

"कलमात भूक लिवलेली न्हाई, चाँदभाई," गुरुजी म्हणाले आणि कार्बन मागवला.

आता आमच्या सखारामबद्दल सांगायला हवं. सखाराम आमचा सेंटर फॉरवर्ड होता. वय बावीस, घरची चार एकर कोरडवाहू, बाप वारलेला, आणि त्या वर्षी शेतात ढेकळांशिवाय काही नव्हतं. दिवसभर खडी फोडून हा गडी संध्याकाळी माळावर असा पळायचा की पाहणाऱ्याला धाप लागावी. त्या साली आम्ही अंतिम सामन्यात पोचलो ते त्याच्या एकट्याच्या पायांवर. समोर अर्थात सोनपेठच होतं. रेल्वेचे एक साहेब अंतिम सामना पाहायला येणार होते आणि चांगला खेळाडू दिसला तर पूर्णेच्या स्टेशनात खलाशी म्हणून लावून घेतो असं त्यांनी कळवलं होतं. सखारामला ढालीचं काही पडलं नव्हतं. त्याला ती नोकरी हवी होती. त्याच्या आईने तर खलाशाला डब्यातून फुकट जाता येतं का, हे मला पोस्टात येऊन दोनदा विचारलं होतं.

एका सकाळी रजिस्टर पत्राच्या सहीसाठी मी गुरुजींच्या दाराशी गेलो होतो. आत सखाराम पाटावर बसून जेवत होता, आणि गुरुजींच्या मंडळी त्याच्या ताटात भाकरी वाढत होत्या. सखाराम ज्या गल्लीतला होता, त्या गल्लीतलं माणूस गुरुजींच्या वस्तीत पाणी पीत नसे, जेवणं तर लांबच. गुरुजी म्हणाले, "रेशनच्या लाल मिलोच्या कण्यांवर पोरगं पळंल कसं? रोज येतंय आता." मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सरकारी नोकरीत ही कला लवकर येते. पण गंमत अशी की कलम अकरा पाठ असलेल्या या माणसाच्या डोक्यात ते आपल्या चुलीलाही लागू होतं हे आलंच नव्हतं. ताटात अन्न वाढणं हा व्यवहार असतो असं त्यांना कधी वाटलंच नसावं.

तक्रारीची सुनावणी सामन्याच्या आदल्या दिवशी परभणीला एका शाळेच्या वर्गात झाली. समितीचे अध्यक्ष पोरांच्या बाकावर कसेबसे बसले होते. गुरुजींबरोबर मी आणि सखारामही गेलो होतो. गुरुजींनी कागद वाचला. सोनपेठच्या सचिवांनी काही नाकारलं नाही. पान चघळत ते म्हणाले, "दिली ज्वारी. पण मला एवढंच इचारायचंय, तुमचा सेंटर फॉरवर्ड सकाळी जेवायला कुणाच्या घरी जातो, गुरुजी?" बाजारात बातम्या फक्त आमच्याच कानावर येत असत असं थोडंच होतं.

गुरुजींचा चेहरा उतरला. त्या क्षणी पहिल्यांदा त्यांना कलम अकरा पुरतं वाचता आलं.

पण त्यांना सोडवायला अध्यक्षच धावून आले. त्यांनी सखारामचं आडनाव विचारलं, गल्ली विचारली आणि मोठ्याने हसले. "अहो, काहीतरीच काय आरोप करता! हा मुलगा गुरुजींच्या घरी जेवेल कसा? शक्य तरी आहे का? गुरुजी, तुम्ही फक्त नाही म्हणा. मी तसं लिहून घेतो आणि सोनपेठला बाद करतो."

सगळ्या खोलीने मान डोलावली. सोनपेठचे सचिवसुद्धा गप्प झाले, कारण हा नियम कुठल्याही पुस्तिकेत नसला तरी त्यांना तो पाठ होता. मी गुरुजींच्या शेजारी होतो. मी हळूच त्यांचा सदरा ओढला. नाही म्हणा, एवढंच मला म्हणायचं होतं. एका शब्दात ढाल मिळत होती, सोनपेठ चीत होत होतं आणि ढाल जिंकणाऱ्या संघाचा गडी म्हणून सखारामची नोकरी पक्की होत होती. शिवाय तो शब्द सगळ्यांना खरा वाटणार होता.

गुरुजींनी मागे वळून सखारामकडे पाहिलं. सखाराम फळ्याला पाठ लावून उभा होता आणि आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता.

"जेवतो," गुरुजी म्हणाले. "रोज जेवतो. आमच्या ताटात जेवतो. लिवून घ्या."

"गुरुजी, विचार करा," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा सखाराम बोलला. "व्हय, जेवतो की. तीन म्हैने झाले. काकू वाढतेत."

अध्यक्षांनी ते लिहिलं, कारण आता दुसरा इलाज नव्हता. दोन्ही संघ बाद झाले. ढाल मिळाली परभणीच्या एका संघाला. त्यांना आम्ही उपांत्य सामन्यात सहा गोलांनी हरवलं होतं आणि ती मंडळी दुसऱ्या दिवशी नुसती सामना बघायला आली होती. त्यांच्यातल्या दोघांनी तर बूटही आणले नव्हते. रेल्वेचे साहेब चहा घेऊन परत गेले.

परतीच्या एस.टी.त गुरुजींशेजारी कुणी बसलं नाही. मीही नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तत्त्वं तुमची आणि नोकरी त्याची, असं मला ओरडून सांगायचं होतं. गावात राग दुहेरी झाला. निम्म्या गावाला ढाल गेल्याचा राग होता आणि उरलेल्या निम्म्याला सखाराम कुठे जेवला याचा. दुसरा राग जास्त टिकला. सखारामच्या चुलत्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. पंधरवड्यात सखाराम औरंगाबादला एका कारखान्यात हमालीला निघून गेला. जाण्याआधी तो गुरुजींकडे जेवून गेला, हे मला नंतर कळलं.

गुरुजींनी कुणाला काही समजावलं नाही. त्यांनी पत्रं लिहिली. सात महिन्यांत नऊ रजिस्टर पत्रं, प्रत्येकाच्या तीन प्रती. कलम मोडता येत नाही, पण बदलता येतं, म्हणून कसं बदलावं तेही ते लिहून पाठवत. मी शिक्का मारायचो आणि पावती फाडून त्यांच्याकडे न बघता पुढे सरकवायचो. पुढल्या हंगामाची पुस्तिका आली ती माझ्याच हातून त्यांच्याकडे गेली. उभ्या उभ्याच त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "पोस्टसाहेब, सखारामच्या घरी यायलाव का? एकट्यानं जायची हिंमत होईना." या माणसाच्या तोंडी हे वाक्य मला नवीन होतं. मी पोस्टाला कुलूप लावलं.

सखारामची आई दारातच सुपात धान्य निवडत बसली होती. गुरुजी अंगणाच्या कडेला थांबले. त्या गल्लीत ते कधी याच्या पुढे गेले नव्हते. त्यांनी तिथूनच वाचून दाखवलं: "मात्र भुकेल्या खेळाडूस कोणीही आपल्या घरी जेवू घातल्यास तो मोबदला समजला जाणार नाही."

"याच्यानं सख्याची नोकरी माघारी येईल का, गुरुजी?"

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "माझ्यानं गेली ती. ते मी कबूल करायला आलो."

बाईने सूप खाली ठेवलं. गल्लीतली दोन-चार दारं उघडली होती आणि त्यांतून लोक बघत होते.

"ते परत वाचा," ती म्हणाली. त्यांनी वाचलं. "यात कुणाचं घर ते लिवलंय का?"

गुरुजींनी उगाच पुन्हा कागदात पाहिलं. "न्हाई. कुणाचंबी घर चालतं."

ती उठली, ओसरीवर तिने पाट टाकला आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवला. "मंग बसा. माझ्या लेकराला तीन म्हैने जेवू घातलं तुमी. आज हितं जेवून जा. बघू द्या, कोण बघतंय ते."

गुरुजी बसले. भाकरीचा पहिला तुकडा मोडायला त्यांना फार वेळ लागला. शेजारच्या ओसरीवर सखारामचा चुलता उभा होता, तो आत गेला नाही. गुरुजी मान खाली घालून जेवत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. मी अंगणातच उभा होतो. बाईने विचारायची वाट न बघता मी चपला काढल्या आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन बसलो.