आईच्या जागी पंधरा दिवस

आईच्या पोटातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती शाळेतल्या चुलीची. आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत ती बारा वर्षं मुलांचं दुपारचं जेवण शिजवते. गाव कर्नाटकात, म्हणून त्याला आम्ही सगळे कानडीतलं बिसीऊटच म्हणतो. पंधरा दिवस दुसरी बाई त्या चुलीपुढं बसली तर पुन्हा उठायची नाही, असं आईचं म्हणणं.

"तूच जा," ती मला म्हणाली. "घरचं माणूस असलं की जागा ऱ्हाती. पंधरा दिस कॉलेज बुडलं म्हणून काय हुतंय?"

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. नाही म्हणावंसं वाटलं, पण म्हणाले नाही. शिवाय मला ते काम फार अवघडही वाटलं नव्हतं. घरी करते तोच भात, तीच आमटी, फक्त पातेलं मोठं.

पहिल्या दिवशी स्वयंपाकखोलीत गेले तर फळीवर पत्र्याचे डबे, एकावरही नाव नाही. आईच्या हाताखाली काम करणाऱ्या मावशीनं ओळख करून दिली. "पोचा पडलाय न्हवं, त्यात मीठ. लाल टोपणाच्यात तूरडाळ. सुतळी बांधलीया ती हळद."

मला हसू आलं. त्या दिवशी आमटी अळणी झाली. मुलांना वाढण्याआधी हेडसर चव घेतात. त्यांनी एक घास खाल्ला आणि मिठाकडं बोट केलं. मी मनात ठरवलं की इथं शिस्त आणायची. पंगत उठल्यावर सगळ्या डब्यांवर मार्करनं नावं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. पोचा पडलेला डबा अडगळीत टाकला आणि मीठ नव्या बरणीत भरलं. फळीवरचा क्रम बदलला. डाळीला आणि मिठाला वाटीचं माप ठरवलं. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"कॉलेज शिरलं बाई आमच्या चुलीत," एवढंच म्हणाली.

पण चौथ्या दिवसापासून जेवण झकास होऊ लागलं. ताटं पुढं करताना मुलं म्हणायची, "आक्का, तुझी आमटी लई भारी. काकीची पातळ असती." काकी म्हणजे माझी आई. मी वरवर दटावायची, पण पळी जरा भरूनच वाढायची.

मैत्रीण रोज वहीचे फोटो पाठवत होती. इंग्रजीच्या मॅडमनी त्या आठवड्यात दुसऱ्याच्या जागी तात्पुरतं काम करण्याची क्रियापदं शिकवली होती: फिल इन, स्टँड इन, कव्हर. शेवटी, फरक कळावा म्हणून, टेक ओव्हर. म्हणजे कारभार आपल्या हाती घेणं. प्रत्येकावर स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहायचं होतं. डाळ शिजेपर्यंत मी दगडी कट्ट्यावर बसून लिहिलं. पहिली तीन वाक्यं भराभर झाली, तिन्हींत आई होती. टेक ओव्हरला काही सुचेना. ती ओळ कोरी सोडली.

दहाव्या दिवशी हेडसर स्वयंपाकखोलीच्या दारात आले.

"तू आल्यापासून जेवण वेळेत होतंय बघ. आईला आता हे जड जात असणार. तूच का करत नाहीस कायमचं? कॉलेज बाहेरून कर. मी वर लिहितो."

ते चांगल्या मनानं बोलत होते. आणि मला आधी आनंदच झाला, हे लपवत नाही. विचार करून सांगते म्हणाले आणि मिठाची बरणी ठेवायला फळीकडं वळले. समोर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. आईला वाचता येत नाही. सोमवारी ती या फळीपुढं उभी राहील, बारा वर्षांच्या स्वतःच्या खोलीत मावशीला विचारेल, मीठ कुठाय गं? आणि दारातून हेडसर ते बघतील.

निपाणी स्टँडवर बस लागली की आम्ही खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. माणूस चढून येईपर्यंत रुमालानं तिथं नुसतं पडून राहायचं असतं. मी रुमाल म्हणून आले होते आणि ऐसपैस मांडी घालून बसले होते.

हेडसर अजून व्हरांड्यातच होते. त्यांच्यामागं गेले.

"नको सर. मी आईची बदली आहे. सोमवारी आई येतेय."

सर थांबले.

"नक्की ना? मग नंतर म्हणू नकोस."

"नक्की सर," मी म्हणाले, आणि स्वयंपाकखोलीकडं वळले.

चिठ्ठ्या निघता निघेनात. गरम पाण्यानं भिजवून चाकूनं खरवडल्या. पोचा पडलेला डबा अडगळीतून काढून घासला, त्यात मीठ भरलं. हळदीला सुतळी बांधली. डबे कुठल्या क्रमानं होते ते मला आठवेना, मावशीला तोंडपाठ होतं. "लावाय एक दिस, काढाय दोन," ती हसत होती, पण डबे पुसायला माझ्याआधी बसली. वाटी मात्र मी मिठाच्या डब्यातच ठेवली. ती काढायला मन झालं नाही.

सोमवारी आईची पिशवी घेऊन मीच तिला शाळेपर्यंत सोडायला गेले. मुलं ओरडली, "काकी आली! आक्का कुठाय?"

"आक्का कॉलेजला चाललीया. पळा वर्गात."

आईनं पदर खोचला, चुलीकडं बघतबघतच हात मागं नेला. हात सरळ पोच्याच्या डब्यावर गेला. टोपण काढल्यावर ती थांबली.

"ही वाटी कसली?"

"मापाची. एवढं मीठ घातलं की बरोबर होतं. नको असली तर काढ."

तिनं वाटी हातात घेऊन फिरवून बघितली, मीठ भरलं, पुन्हा थोडं डब्यात ओतलं आणि उरलेलं पातेल्यात टाकलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आणि तू हुबी काय ऱ्हायलीस? जा की, बस चुकंल."