दमदार कॉम्प्युटर

बिदरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी आणि अप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, शिरलो ते बैलजोडी पारखायला निघाल्याच्या थाटात. अप्पा धनगरी ओव्या म्हणायचे, देवाच्या जन्मापासून लग्नापर्यंतची कथा गाऊन सांगणाऱ्या. दसरा झाला की त्यांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. त्याआधी हुलसूरच्या घरातच त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा, असा मी चंग बांधला होता.

दुकानदार रॅम, साउंड कार्ड असं बरंच काही सांगत होता. आम्ही गंभीरपणे माना हलवत होतो. शेवटी त्याने दोन कॉम्प्युटर चालूच करून दाखवले. एक इतका गप्प, की अप्पांनी त्याच्यापुढे हात धरून श्वास पाहिला.

"ह्यो जिता हाय का?"

"अप्पा, ये सायलेंट है!" दुकानदार अभिमानाने म्हणाला.

दुसरा बटण दाबताच घुमू लागला. अप्पांचा चेहरा उजळला. आमच्याकडे विहिरीवरची मोटार असो की पिठाची गिरणी, दम आवाजावरून ओळखतात. मीही जाणकारासारखी मान डोलावली. "हाच द्या!"

घरी पहिली ओवी रेकॉर्ड केली आणि लावली. घूंऽऽऽ! त्या घरघरीच्या तळाशी कुठेतरी अप्पा.

"गिरणीत बसून गायलाव व्हय?" काकू म्हणाली.

मी कॉम्प्युटरवर घोंगडं टाकलं. ओवी रंगात आली आणि तो तापून बंद पडला.

"जीव घुसमटला की रं त्याचा!" अप्पा कळवळले.

असं करता करता जायचा दिवस उजाडला. बोचकी बांधून झालेली, रेकॉर्डिंगच्या नावाने शून्य. मी कॉम्प्युटरला शिव्या घालत होतो. अप्पा मात्र त्याला कान लावून बसले.

"कामून भांडायलास? सूर धरून बसलाय बिचारा."

त्यांनी डोळे मिटले, त्या घरघरीतच आपला सूर लावला आणि ओवी उचलली. या वेळी लावून पाहिलं, तर मागे कुणी सूरपेटी धरून बसल्यासारखं वाटत होतं आणि वर अप्पांचा आवाज, स्वच्छ. मी ओरडलो, "अप्पा, आता सगळी कथा म्हणा!"

ते म्हणत राहिले. बाहेर मुलाने आणलेली जीप हॉर्न वाजवू लागली. तो हॉर्नही रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि त्यावर अप्पांची आरोळीही:

"थांब की रं! देव आत्ताशी लग्नाला निघालाय!"