तज्ज्ञांच्या हातातली पोह्यांची प्लेट

इंदूरला जाऊन काय काय खावं, यावर ढिगाने ब्लॉग आहेत. मी मात्र गेले ती एका माणसाला खाऊ न देण्यासाठी!

मी पुण्यात वकील. हवामान, परदेशी गुंतवणूक, व्यापार असली भांडणं लवादापुढे लढवते. इंदूरजवळ देपालपूरच्या पुढे एक सौर प्रकल्प आहे. पैसा परदेशी कंपनीचा, पॅनेल इथल्या कंपनीची. वीज ठरल्यापेक्षा कमी का येते, हे बघायला लवादाने एक तज्ज्ञ नेमले होते. मी परदेशी कंपनीच्या बाजूने. नियम कडक: तज्ज्ञांनी कुठल्याच पक्षाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. घेतला, की समोरचे हरकत घेणार, पाहणी बाद, आणि मी एकटीने सांभाळलेली पहिली केस बाराच्या भावात.

पाहणीच्या आदल्या दिवशी विमानाने पोचले, इंदूरला लागूनच असलेल्या राऊला आत्याकडे उतरले आणि तिला हा नियम सांगून टाकला.

“साहेब बाहेरून येणार आणि भूखे जाणार? अगं, इंदूरचं नाक कटेल ना!”

“आत्या, प्लीज. पाणीसुद्धा नाही.”

“बरं बाई,” म्हणाली. इतक्या लवकर ऐकलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

टॅक्सीही तिनेच ठरवून दिली, कॉलनीतल्या राजू भियाची (इंदुरात भैयाचा भिया होतो). (तुम्ही जाणार असाल तर गाडी दिवसभरासाठीच घ्या, आडबाजूला परतीचं वाहन मिळत नाही.) दोन्ही बाजूंना सोयाबीन, रस्ता झकास, पण मी नियमच पुन्हा पुन्हा वाचत होते. समोरच्या वकील सक्सेनाबाई कधीच काही सोडत नाहीत.

दुपारपर्यंत दोन्ही पक्षांसमोर पाहणी सुरळीत चालली. तज्ज्ञ म्हणजे एक किडकिडीत, वयस्कर गृहस्थ, उन्हात पॅनेलमागून पॅनेल तपासत होते. मी जरा फोनवर बोलायला बाजूला झाले. वळून बघते तर राजू भियाची डिकी उघडी! पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, बाजूला जलेबी. पहिली प्लेट तज्ज्ञांच्या हातात, चमचा तोंडाशी.

“सर, थांबा!” मी किंचाळलेच.

ते दचकले. “किसने भेजा?”

“आत्याजी ने,” राजू भिया ऐटीत म्हणाला.

“कौन आत्याजी?”

सक्सेनाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

“मेरी बुआ, सर.”

सरांनी प्लेट खाली ठेवली. बिचारे सकाळपासून उपाशी होते, जलेबीकडे एकदा बघून पुन्हा उन्हात गेले. सक्सेनाबाईंनी फोनवर काहीतरी टिपून घेतलं. पोहे प्रकल्पावरच्या कामगारांनी चाटूनपुसून संपवले. संध्याकाळी रिकामा डबा बघून आत्या इतकी खूश झाली, की मी भांडायचंच विसरले.

पुण्यात परतल्यावर मेल वाजला की आधी सक्सेनाबाईंचं नाव शोधायचे. झोप उडाली होती. शेवटी सक्सेनाबाईंचा मेल आला: प्लेट दिली गेली, खाल्ली नाही, हरकत नाही. मी ऑफिसमध्येच हमसून हमसून रडले.

तेवढ्यात आत्याचा फोन. “काय गं, साहेबांना पोहे कसे वाटले?”

सगळ्यांदेखत खरं बोललेली मी, पण तिच्यापुढे जीभ रेटेना. “आवडले. फारच आवडले म्हणाले.”

“मग झालं तर!” आत्या म्हणाली. “खाल्लंय ना माझ्या हातचं? निकाल आता तुझ्याच बाजूने देणार बघ!”