नवस फेडून येताना

सप्तशृंगीच्या नवसाने माझी बायको वाचली, असं आमच्या गावात सगळे मानतात. मीच तसं सांगत आलो. परवा एक बाई आजारी नवऱ्याला घेऊन घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तपासण्या बंद केल्या होत्या ना? मग आम्ही पण यांच्या बंद करू का?" तिला मी खरं काय ते सांगितलं. आता इतरांसाठी लिहितो.

कुसुमला यकृताचा कॅन्सर झाला. नाशिकच्या डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून थेट गाठीत औषध सोडलं. इकडे मी देवीला साडीचोळीचा नवस बोललो. पुढच्या तपासणीत गाठ बरीच लहान झालेली दिसली. डॉक्टरांनी बजावलं, आता ठरल्यावेळी येत राहा. मी तिला नेलंच नाही. आई पावल्यावर पुन्हा फिल्म काढायची म्हणजे तिच्यावर संशय घेणं, असं मला वाटे. शिवाय भीतीही होती; काही वाईट निघालं तर नवसाचं काय, हा प्रश्नच मला नको होता. कुसुमला मी सांगून टाकलं की डॉक्टरच म्हणालेत, गरज नाही.

नवस फेडून गडावरून परतत होतो. वणीला एक वयस्कर मुसलमान गृहस्थ बसमध्ये चढले आणि आमच्या शेजारी बसले. बोलता बोलता कुसुमच्या आजाराचा विषय निघाला. त्यांच्या भावालाही तोच होता, त्यालाच भेटायला ते नाशिकला चालले होते. कुसुमला त्यांनी विचारलं, "ताई, तुमची पुढची तपासणी कधी?"

"डॉक्टर म्हणाले, गरज नाही."

"असं कसं? माझ्या भावाला तर तपासणीशिवाय सोडत नाहीत."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. नुकताच देवीपुढे डोकं टेकवून आलो होतो, मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. ते गृहस्थ हळूच म्हणाले, "दादा, दुवा कबूल झाली म्हणून कोणी दार उघडं टाकून झोपतं का?"

कुसुम त्यांना म्हणाली, "आमच्या द्राक्षबागेत यांना एक फवारणी पुरत नाही हो. भुरीचा रोग गेला तरी औषध बदलून पुन्हा मारतात. देवीवर विश्वास तेवढा माझ्या आजारापुरताच."

गावाला जायला दिंडोरीला उतरायचं, म्हणून मी पिशवी घेऊन उठलो. ती जागची हलली नाही. "मी नाशिकला चाललेय. तुम्हाला उतरायचं तर उतरा." मी पुन्हा तिच्या शेजारी बसलो.

नाशिकला त्या गृहस्थांनी आपली वाट सोडून आम्हाला दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवलं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

जुन्या गाठीपासून दूर, यकृतातच दोन बारीक ठिपके निघाले. डॉक्टरांनी समजावलं की एकाच गाठीतल्या पेशीही सारख्या नसतात. काही जागच्या जागी वाढतात, काही सुटून रक्तवाहिनीत शिरतात आणि दुसरीकडे घर करतात. पहिल्या औषधाने बऱ्याच मेल्या, पण वेगळ्या स्वभावाच्या काही तगल्या. गाठ लहान झाली म्हणजे त्या गेल्या असं नाही. "अजून यकृताबाहेर काही नाही. वेळेत आलात," ते म्हणाले.

औषध बदललं. आज ठिपके दबलेले आहेत आणि कुसुम सकाळी बागेत चक्कर मारते. मला अजून ती अधूनमधून टोमणा मारते, तो मी प्रसादासारखा घेतो. बसमधल्या त्या माणसाला कोणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून घेणं, असं मी म्हातारा होईपर्यंत समजत होतो. मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. काय निघेल ते आईच्या हाती. कुसुमला तिथे वेळेवर नेणं माझ्याकडे आहे.